पिवळ्या गळ्याची चिमणी

मालवण शहराच्या दक्षिणेला, थोड्याच अंतरावर तारकर्ली नावाचे गाव आहे. हे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, अशी या गावाची जागा आहे. मध्ये वाळूची एक चिंचोळी पट्टी आहे. तिच्यावर माडांच्या बागा आणि सुरूची झाडे उभी आहेत. ही पट्टी पुढे देवबागपर्यंत जाते. तेथे नदी समुद्राला मिळते.

मार्च महिन्यात एखाद्या दिवशी पहाटे उठून या भागात फिरायला जावे. समुद्राकडे न जाता माडांच्या मागे, शेतांच्या कडेला वळावे. तेथे पाणथळ जागा आणि लहान लहान तळी असतात. सूर्य नुकताच वर येत असतो. हवेत थोडा गारवा असतो. आपण गप्प उभे राहिलो, की हळूहळू पाखरे दिसू लागतात. एका वाळक्या फांदीवर निळा खंड्या पाण्याकडे टक लावून बसलेला असतो. काठावरच्या चिखलात भुरकी ढोकरी मान आखडून उभी असते. ती इतकी स्थिर असते, की पहिल्यांदा ती दगडच वाटते. अचानक ती उडते आणि तिचे पांढरेशुभ्र पंख दिसतात. लाल, लांब पायांचे शेकाटे उथळ पाण्यात तोल सांभाळत चालतात. दूर कोठेतरी टिटवी ओरडते. थंडीच्या दिवसांत उत्तरेकडून आलेली तुतारी पाखरे चिखलात चोची खुपसून भराभर किडे टिपत असतात. थोड्याच दिवसांत त्यांना हजारो किलोमीटरांच्या प्रवासाला निघायचे असते.

तळ्यावर वाकलेल्या माडाच्या झावळ्यांकडे पाहिले, तर गवताची वाळलेली घरटी लोंबताना दिसतात. ती गेल्या पावसाळ्यातील असतात. ही सुगरण पक्ष्याची घरटी. उर्दूत या पक्ष्याला बया म्हणतात. काही घरटी पूर्ण असतात. त्यांना खाली लांब नळी असते. पण काही घरटी अर्धवटच असतात. ती उलट्या टांगलेल्या टोपीसारखी दिसतात. इतकी मेहनत करून पक्ष्याने घरटे अर्धे का सोडले असेल? पावसाने? वाऱ्याने? की पक्षी कंटाळला?

याच कोकण किनाऱ्यावर, तारकर्लीच्या पुष्कळ उत्तरेला, किहीम नावाचे गाव आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी तेथे एका माणसाने हाच प्रश्न स्वतःला विचारला. उत्तर मिळेपर्यंत तो रोज घरट्यांसमोर बसून राहिला. त्या माणसाजवळ तेव्हा नोकरी नव्हती. विद्यापीठाची पदवीही नव्हती. पुढे साऱ्या जगाने त्यांना भारताचे पक्षितज्ज्ञ म्हणून ओळखले. त्यांचे नाव डॉ. सलीम अली.

सलीम यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. त्यांचे पूर्ण नाव सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली. दहा भावंडांमध्ये ते सर्वांत धाकटे. सलीम एक वर्षाचे असताना वडील वारले. तीन वर्षांचे झाले तेव्हा आईही गेली. त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या मुलांना आपल्या घरी आणले. मामा-मामींना स्वतःचे मूल नव्हते. गिरगावाजवळच्या खेतवाडीतील त्यांचे घर नेहमी मुलांनी भरलेले असे. आईवडील नसले, तरी माया करणारी माणसे सलीमला मिळाली.

अमिरुद्दीन मामांना शिकारीची आवड होती. त्या काळी अनेक घरांत शिकार हा छंद समजला जाई. घरी स्वयंपाकासाठी बाजारातून जिवंत तित्तर आणि लावे आणत. त्यांतले एखाद-दुसरे पाखरू मागून घ्यावे आणि खुराड्यात पाळावे, असा सलीमचा उद्योग चाले. मामांनी त्याला हवेच्या दाबावर चालणारी एक लहान बंदूकही दिली होती. ती घेऊन तो चिमण्यांच्या मागे फिरे. म्हणजे पाखरे वाचवणारा आणि पाखरे मारणारा मुलगा एकच होता! त्याला दोन्हींत मजा वाटे.

सलीम दहा-बारा वर्षांचा असेल. एके दिवशी त्याने एक चिमणी पाडली. ती उचलून तो पाहू लागला आणि थबकला. ही चिमणी नेहमीसारखी नव्हती. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. जणू कालवणाचा डागच! असे पाखरू त्याने पूर्वी पाहिले नव्हते. ते खाणे आपल्या धर्मात योग्य ठरेल की नाही, अशीही शंका त्याच्या मनात आली. तो चिमणी घेऊन मामांकडे गेला आणि हे कोणते पाखरू आहे, असे त्याने विचारले.

मामांना उत्तर देता आले नाही. त्यांनी ही गोष्ट उडवून लावली नाही, की मुलाला रागावून गप्प बसवले नाही. ते बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेचे सभासद होते. ही संस्था १८८३ साली मुंबईत स्थापन झाली होती. प्राणी, पक्षी आणि वनस्पती यांचा अभ्यास करणारी मंडळी तेथे जमत. डब्ल्यू. एस. मिलार्ड हे तेव्हा संस्थेचे सचिव होते. मामांनी त्यांच्या नावाने चिठ्ठी लिहिली आणि मुलाला तिकडे पाठवले.

इंग्रजांचे राज्य होते. एका गोऱ्या साहेबासमोर एकट्याने जायचे, म्हणून सलीम मनातून घाबरला होता. कागदात गुंडाळलेली चिमणी घेऊन तो दबकतच आत गेला. पण मिलार्ड साहेबांनी त्याला प्रेमाने जवळ बोलावले. चिमणी पाहताच त्यांनी ती ओळखली. ती पीतकंठी चिमणी होती. त्यांनी एकामागून एक कपाटे उघडली. पेंढा भरून जतन केलेले शेकडो पक्षी त्या खणांत ओळीने ठेवले होते. प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी बांधलेली होती. तिच्यावर पक्ष्याचे नाव, जागा आणि तारीख लिहिलेली होती. सलीम पाहतच राहिला. आपल्याच देशात इतक्या तऱ्हांची पाखरे आहेत, हे त्याला त्या दिवशी समजले.

मिलार्ड यांनी त्याला पक्ष्यांवरची पुस्तके वाचायला दिली. मेलेला पक्षी न कुजता कसा टिकवायचा आणि त्याची नोंद कशी ठेवायची, हेही त्याला संस्थेत शिकायला मिळाले. आता तो पाखरू पाडून ते मोजायला शिकला नाही. ते पाहून ओळखायला शिकला. एका प्रश्नाने त्याच्या आयुष्याची वाट बदलली.

मात्र ती वाट सोपी नव्हती. सलीम शाळेत फार हुशार विद्यार्थी मानला जात नसे. त्यातच तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याचे डोके सतत दुखू लागले. कोरड्या हवेने बरे वाटेल, म्हणून त्याला काही दिवस सिंधमध्ये नातेवाइकांकडे ठेवले. १९१३ साली तो मॅट्रिकची परीक्षा कसाबसा पास झाला. कॉलेजात नाव घातले, पण पहिल्याच वर्षी गणिताने आणि इतर विषयांनी त्याला दमवले. शिक्षण सोडून तो ब्रह्मदेशात गेला. तेथे तव्हॉय येथे त्याच्या भावाचा खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता.

तेथे भोवताली दाट जंगल होते. सलीमने धंद्यात लक्ष घालायचे होते. पण त्याचे डोळे झाडांकडे आणि कान पाखरांच्या आवाजाकडे लागलेले असत. धंदा काही चांगला चालला नाही. १९१७ साली तो मुंबईला परत आला. त्याने हिशेबनीस होण्यासाठी दावर कॉलेजात व्यापाराचे शिक्षण घेतले. त्याच वेळी सेंट झेवियर्स कॉलेजातील फादर ब्लाटर यांनी त्याची खरी आवड ओळखली. त्यांच्या आग्रहामुळे तो प्राणिशास्त्राच्या वर्गालाही बसू लागला. सकाळी एका कॉलेजात आकडे आणि दुसऱ्या कॉलेजात प्राणी, असा त्याचा दिवस जाई.

डिसेंबर १९१८ मध्ये सलीम यांचा विवाह तहमीना बेगम यांच्याशी झाला. तहमीना सुखवस्तू घरात वाढल्या होत्या. पण पतीचा जीव पाखरांत आहे, हे त्यांनी लवकरच ओळखले. पुढे जंगलातील तंबू, चिखलाच्या वाटा आणि साधे जेवण यांची त्यांनी कधी तक्रार केली नाही.

सलीम अलींना पक्षितज्ज्ञ म्हणून काम करायचे होते. सरकारी प्राणी सर्वेक्षण खात्यात तशी एक जागा होती. त्यांनी प्रयत्न केला, पण त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. जागा मिळाली नाही. हा घाव त्यांना चांगलाच लागला. अखेर १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांना काम मिळाले. हेच आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तेथे प्राण्यांचे नवे दालन उघडले होते. येणाऱ्या लोकांना आणि शाळेतील मुलांना ते दालन समजावून सांगायचे, असे ते काम होते.

दोन वर्षांत त्यांच्या लक्षात आले, की आपण लोकांना जे सांगतो त्याहून कितीतरी अधिक आपल्याला शिकायचे आहे. १९२८ साली रजा घेऊन ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन स्ट्रेझमान हे मोठे पक्षितज्ज्ञ होते. सलीम अलींनी त्यांना गुरू मानले. स्ट्रेझमान यांनी पदवीची चौकशी केली नाही. त्यांनी या तरुणाची नजर आणि चिकाटी पाहिली. पक्ष्यांच्या पायात कडी कशी घालायची आणि त्यावरून त्यांचा प्रवास कसा शोधायचा, हेही सलीम अली त्याच मुक्कामात जर्मनीच्या हेल्गोलँड बेटावर शिकले.

१९३० साली मोठ्या उमेदीने ते मुंबईला परतले. येथे वेगळीच बातमी वाट पाहत होती. पैशांच्या अडचणीमुळे म्युझियमने त्यांची जागाच काढून टाकली होती. वय चौतीसच्या घरात, डोक्यावर संसार आणि हातात काम नाही! मुंबईत राहणे परवडेना. सलीम अली आणि तहमीना किहीमला राहायला गेले. किहीम हे अलिबागजवळचे समुद्रकाठचे गाव. तेव्हा तेथे माडांची बने, भातशेती आणि शांतता यांशिवाय फारसे काही नव्हते.

पावसाळा सुरू झाला. घराजवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत गजबजली. पिवळ्या डोक्याचे नर गवताच्या लांब लांब काड्या चोचीत धरून येऊ लागले. दुसरा कोणी असता, तर नोकरीच्या काळजीने झुरत बसला असता. सलीम अलींनाही काळजी होतीच. पण समोर घरटी विणली जात होती आणि त्यांच्याजवळ वेळच वेळ होता. ते वही घेऊन आडोशाला बसले. आज बसले, उद्या बसले, पावसात बसले. कोणता नर केव्हा आला, कोणत्या घरट्यावर बसला, मादी केव्हा आली, हे सारे ते लिहून ठेवत गेले.

सुगरण मादी मोठी कुशल, तीच घरटे विणते, असा लोकांचा समज होता. पक्ष्याचे नावही तसेच पडले आहे. सलीम अलींनी पाहिले, की घरटे नर विणतो. तो साधारण आठ दिवसांत घरटे अर्धे करतो. ते टोपीच्या आकाराचे झाले, की तो थांबतो. मग माद्या येतात. त्या घरट्यात शिरून ते नीट तपासतात. एखाद्या मादीला घरटे पसंत पडले, तर ती तेथे राहते. मगच नर पुढचे काम हाती घेतो आणि खालची लांब नळी विणून घरटे पूर्ण करतो. मादी अंडी घालते आणि उबवते. नर मात्र तेथे थांबत नाही. तो जवळच दुसरे घरटे विणू लागतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. घरटे कोणालाच आवडले नाही, तर तो ते तसेच अर्धवट सोडून देतो.

हे सारे आधी कोणी इतके बारकाईने पाहून लिहिले नव्हते. त्यांचा सुगरणीवरील लेख सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि पक्षितज्ज्ञांमध्ये त्यांचे नाव झाले. नोकरी टिकली असती, तर त्या पावसाळ्यात ते म्युझियममध्ये लोकांना पेंढा भरलेले पक्षी दाखवत बसले असते. नोकरी गेली, म्हणून जिवंत पक्ष्यांसमोर बसायला सवड मिळाली. संकट चांगले असते असे नाही. पण हातात राहिलेला वेळ त्यांनी वाया घालवला नाही, हे महत्त्वाचे.

यानंतर त्यांना एक कल्पना सुचली. भारतात तेव्हा अनेक संस्थाने होती. तेथील पक्ष्यांची नीट पाहणी झालेली नव्हती. आपण ही पाहणी पगार न घेता करू, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च मिळावा, असे त्यांनी कळवले. हैदराबाद संस्थानातील पाहणी १९३१ मध्ये सुरू झाली. पुढे कोचीन, त्रावणकोर, भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर अशी एकेक पाहणी होत गेली. बैलगाडीतून सामान जाई. जंगलात तंबू पडे. पहाटे निघायचे, दिवसभर पाहायचे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात नोंदी लिहायच्या, असा क्रम असे. तंबूतला सारा कारभार तहमीना पाहत.

१९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तहमीना अचानक वारल्या. सलीम अली एकाकी झाले. त्यांना मूलबाळ नव्हते. बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांनी त्यांना आपल्या घरी नेले. पुढची अनेक वर्षे ते त्यांच्याकडेच राहिले. दुःख विसरण्यासाठी त्यांनी पुन्हा आपली वही आणि दुर्बीण हातात घेतली.

१९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. यापूर्वी पक्ष्यांची पुस्तके बहुतेक तज्ज्ञांसाठी असत. हे पुस्तक साध्या वाचकासाठी होते. त्यात रंगीत चित्रे होती आणि पक्षी कोठे राहतो, काय खातो, कसा ओरडतो हे सोप्या भाषेत सांगितले होते. ते हातात घेऊन शाळेतील मुलगाही आपल्या अंगणातील पाखरू ओळखू शके. लहानपणी मिलार्ड साहेबांनी आपल्याला कपाट उघडून दाखवले होते. सलीम अलींनी जणू तेच कपाट देशातील सर्वांसाठी उघडले. पुढे अमेरिकेतील पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्याबरोबर त्यांनी भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे दहा खंड १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाले.

सलीम अली शरीराने किरकोळ होते, पण हिंडण्याची त्यांना भारी हौस. मोटारसायकलवर तर त्यांचे फार प्रेम. १९५० साली स्वीडनमध्ये पक्षितज्ज्ञांची परिषद होती. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते. त्यांनी आपली मोटारसायकल बोटीवर चढवून युरोपात नेली आणि तीवरून ते परिषदेला गेले!

स्वातंत्र्य मिळाल्यावर देशापुढे अन्नाचा प्रश्न होता. मिळेल ती जमीन शेतीखाली आणावी, असे लोकांना वाटे. पाणथळ जागा म्हणजे पडीक जागा, असाच समज होता. राजस्थानातील भरतपूरची तळी अशाच धोक्यात आली. ही तळी पूर्वी महाराजांच्या शिकारीची जागा होती. १९३८ साली तेथे एकाच दिवसाच्या शिकारीत चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले होते. ही तळी आटवून तेथे शेती करू नये, म्हणून सलीम अलींनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्याकडे आपला शब्द खर्च केला. तळी वाचली. सोसायटीने तेथे हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली. त्या कड्यावर मुंबईच्या संस्थेचे नाव कोरलेले असे. दूर देशात असे कडे सापडले, की तेथून पत्र येई आणि पक्ष्याचा प्रवास समजे. आपल्या तळ्यावर हिवाळा घालवणारे पाखरू पर्वत ओलांडून सायबेरियापर्यंत जाते, हे अशा पत्रांतून कळू लागले.

याच भरतपूरची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तेथे गावकऱ्यांची गुरे आणि म्हशी चरत. त्यांमुळे पक्ष्यांना त्रास होतो, चराई बंद व्हावी, असे सलीम अलींचे मत होते. १९८२ च्या सुमारास तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि चराईवर बंदी आली. गावकरी नाराज झाले, मोठा तंटा झाला. पुढे सोसायटीच्याच अभ्यासकांनी बरीच वर्षे पाहणी केली. त्यांना वेगळेच दिसले. म्हशी नसल्यामुळे पाण्यात गवत माजले होते आणि पक्ष्यांना मोकळे पाणी कमी पडू लागले होते. त्या अभ्यासकांनी जे दिसले ते स्पष्ट लिहिले. मोठ्या माणसाचे मतही चुकू शकते. ते तपासून पाहायचे, ही रीत या संस्थेत सलीम अलींनीच रुजवली होती.

उतारवयात त्यांच्याकडे मान चालत आला. भारत सरकारने त्यांना १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण दिले. पदवी नाही म्हणून ज्यांना एकेकाळी नोकरी नाकारली होती, त्यांना अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने आणि इतर विद्यापीठांनी सन्मानाने डॉक्टर ही पदवी दिली. १९७६ साली त्यांना वन्यजीव रक्षणाचा आंतरराष्ट्रीय गेटी पुरस्कार मिळाला. पुरस्काराची रक्कम पन्नास हजार डॉलर होती. ती त्यांनी निसर्गरक्षणाच्या कामासाठी सोसायटीला देऊन टाकली. १९८५ साली त्यांची राज्यसभेवर नेमणूक झाली. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. पुस्तकाच्या नावात त्यांनी कोणत्या पक्ष्याला जागा दिली असेल? मोराला नाही, गरुडाला नाही. चिमणीला! लहानपणी पाडलेली ती पिवळ्या गळ्याची चिमणी ते विसरले नव्हते.

२० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते. १९९० साली कोइमतूर येथे त्यांच्या नावाने पक्षी आणि निसर्ग यांच्या अभ्यासाचे केंद्र सुरू झाले. गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावरचे पक्षी अभयारण्य त्यांच्याच नावाचे आहे. छत्रपती संभाजीनगर शहरातील एका जुन्या तलावालाही सलीम अली सरोवर म्हणतात. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर या दिवसांत पक्षी सप्ताह साजरा होतो. त्याचा शेवटचा दिवस हा सलीम अलींचा जन्मदिवस आहे.

आता पुन्हा तारकर्लीच्या त्या तळ्याकाठी येऊ. ऊन वर आले आहे. खंड्याने सूर मारून मासा पकडला आहे. माडाच्या झावळीला ते अर्धवट घरटे अजून वाऱ्यावर हलते आहे. आता आपल्याला ते वाचता येते. पाऊस लागला म्हणून नव्हे, की पक्षी कंटाळला म्हणूनही नव्हे. एका नराने ते आठ दिवस खपून विणले. माद्या आल्या, त्यांनी पाहिले आणि त्या निघून गेल्या. मग नराने दुसरी जागा पाहिली आणि तो पुन्हा पहिल्या काडीपासून विणायला लागला.

सलीम अलींच्या आयुष्यातही अशी अर्धवट घरटी पुष्कळ होती. कॉलेज अर्धे राहिले, धंदा बुडाला, नोकरी गेली, संसार मध्येच मोडला. तेही प्रत्येक वेळी नवी काडी आणायला निघाले.

तुमच्या गावात तारकर्लीसारखी तळी नसतील. पण एखादा ओढा, विहीर, पाण्याची टाकी किंवा शाळेसमोरचे एखादे झाड असेलच. उद्या सकाळी तेथे थोडा वेळ गप्प उभे राहा. एखादे अनोळखी पाखरू दिसले, तर त्याचा रंग, चोच आणि आवाज वहीत लिहून ठेवा. मग घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, की हे कोणते पाखरू आहे. कदाचित त्यांनाही ते सांगता येणार नाही. मग दोघांनी मिळून शोध घ्या.